सागरतीरावरील शाळा : लुई आगासी याचें चरित्र

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. इयत्ता आठवीच्या वर्गास मी तारामाशाचा धडा शिकवीत होतों. पुस्तकांतील आकृतीबरहुकूम पांच बाहूंचा सुबक तारा मीं फळ्यावर काढला, प्रत्येक भागाचें नांव नीट लिहिलें आणि खडू खालीं ठेवला. इतक्यांत कोंकणच्या किनाऱ्यावरून आमच्या वसतिगृहांत राहावयास आलेला एक मुलगा शेवटच्या बांकावरून उठला व त्यानें मोठ्या अदबीनें विचारलें कीं, ह्याचें तोंड कोणत्या बाजूस असतें? तें खालच्या अंगास असतें हें मला वाचून ठाऊक होतें, म्हणून मीं तसें सांगितलें. त्याचा दुसरा प्रश्न असा कीं, हा प्राणी उताणा पडला तर पुन्हा पालथा कसा होतो? येथें मात्र मी निरुत्तर झालों. त्या मुलानें तो प्रकार ओहोटीच्या वेळीं खडकांतील डबक्यांत कितीदां तरी पाहिला होता. बाहूंचीं टोकें वळवून, खालच्या खडकास चिकटून, तो हळूहळू कोलांटी कशी घेतो हें त्यानें आम्हां सर्वांस हातवारे करून समजावून दिलें. वर्ग हंसला, मीही हंसलों. पण त्या रात्रीं मला झोंप लवकर आली नाहीं. कॉलेजांत असतांना आमच्या प्राणिशास्त्राच्या अध्यापकांनीं ज्याच्याविषयीं तासन्‌ तास सांगावें, आणि आम्हीं परीक्षेस उपयोग नाहीं म्हणून वहींत टिपूनही घेऊं नये, अशा एका शिक्षकाची आठवण मला झाली. त्याचें नांव लुई आगासी. त्याचा वृत्तांत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळीस सादर करीत आहें.

स्वित्झर्लंड देशांत मूर्तेन नांवाचें एक सरोवर आहे. त्याच्या कांठीं मोतिये हें लहानसें खेडें असून तेथील प्रॉटेस्टंट मंडळीच्या पाळकाच्या घरीं ता. २८ मे १८०७ रोजीं लुईचा जन्म झाला. त्याच्यापूर्वीं झालेलीं चार मुलें तान्हेपणींच वारलीं होतीं. त्यामुळें ह्या मुलावर आईचा जीव किती असेल हें सांगावयास नको. त्याची आई रोज मायर ही एका डॉक्टराची मुलगी. घरामागें दगडाची एक कुंडी होती व तींत झऱ्याचें पाणी सतत पडत असे. लुईनें सरोवरांत हातांनीं मासे पकडावे आणि त्या कुंडींत आणून सोडावे. कोणता मासा काय खातो, कोणता दगडाआड दडतो, कोणता दुसऱ्यास हुसकावून लावतो, हें तो आणि त्याचा धाकटा भाऊ ऑगस्ट पाहात बसत. आईनें कुंडीवरून मुलांस हांकलून दिलें नाहीं. पुढें जगानें ज्याला मत्स्यशास्त्राचा अधिकारी मानलें, त्याची पहिली प्रयोगशाळा ही.

दहाव्या वर्षीं तो बील येथील शाळेंत गेला. वडिलांच्या मनांतून त्यास लौकर मामाच्या पेढीवर घालावयाचें होतें. पाळकाच्या तुटपुंज्या मिळकतींत मुलानें माशांच्या मागें फिरणें परवडण्याजोगें नव्हतें. मुलानें अर्ज-विनवण्या करून लोझान येथें आणखी दोन वर्षें शिकण्याची परवानगी मिळविली. त्यानंतर आईबापांच्या समाधानासाठीं त्यानें वैद्यकाचा अभ्यास झूरिक, हायडेलबर्ग व म्यूनिक येथें केला आणि १८३० सालीं डॉक्टरची पदवीही घेतली. परंतु रोग्याची नाडी त्यानें फारशी कधीं पाहिली नाहीं. एका वर्षापूर्वींच, म्हणजे १८२९ सालीं, ब्राझिल देशांतील नद्यांच्या माशांवर त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. ते मासे दुसऱ्यांनीं जमविलेले होते. जमविणाऱ्या स्पिक्स नांवाच्या शास्त्रज्ञाचा अकालीं मृत्यु झाल्यामुळें तें काम ह्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडे आलें.

पुढें तो पॅरिसला गेला. त्या काळीं प्राण्यांच्या शरीररचनेचा सर्वांत मोठा जाणकार क्यूव्हिये हा तेथें होता. तो स्वतः प्राचीन काळच्या, दगड होऊन राहिलेल्या माशांवर ग्रंथ लिहिणार होता व त्यासाठीं त्यानें पुष्कळ चित्रें व टिपणें जमविलीं होतीं. आगासीचें काम पाहिल्यावर त्यानें तीं सर्वच्या सर्व त्याच्या स्वाधीन केलीं. विद्वान लोकांत अशी उदारता आपण रोज पाहतों असें नाहीं. तेथेंच हुम्बोल्ट ह्या थोर प्रवाशाचा त्याजवर लोभ जडला. हाताशीं पैसा संपून अभ्यास सोडण्याची पाळी आली तेव्हां हुम्बोल्टनें आपण होऊन एक हजार फ्रँक त्याच्याकडे पाठवून दिले. १८३२ च्या मे महिन्यांत क्यूव्हिये वारला आणि त्याच वर्षीं आगासी नोशातेल येथें प्राध्यापक झाला. दगडी माशांवरील त्याचा ग्रंथ १८३३ पासून १८४३ पर्यंत भागाभागानें निघाला.

नोशातेलच्या वास्तव्यांतील दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली, तो मुलांस शिकवी ती. आपल्या व शेजाऱ्यांच्या लहान मुलांचा मेळा घेऊन तो उन्हाळ्यांत टेंकडीवर जाई आणि तेथें उभ्या उभ्या त्यांना सभोंवतालचे डोंगर, दरी व सरोवर दाखवून भूगोल शिकवी. पावसापाण्याच्या दिवसांत मुलें टेबलाभोंवतीं बसत व ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें ती प्रत्येकाच्या हातांत दिली जाई. उष्ण देशांतलीं फळें हा विषय असला तर फळें येत, तीं पाहून, हुंगून, चिरून झालीं कीं मुलांनीं खाऊन टाकावीं! हा धडा कोणी विसरला असेल असें मला वाटत नाहीं.

दुसरी गोष्ट हिमनद्यांची. आल्प्स पर्वतांतील मोठमोठे खडक आपल्या मूळ जागेपासून कोसच्या कोस दूर, सपाट शेतांत पडलेले आढळत. ते तेथें कसे आले ह्याबद्दल नानाविध तर्क होते. ते बर्फानें वाहून आणले, हें मत प्रथम आगासीचें नव्हे. दुसऱ्या निरीक्षकांनीं तें मांडलें होतें आणि तो तें खोडून काढण्याच्याच हेतूनें पर्वतावर गेला होता. परंतु तेथें डोळ्यांनीं पाहिल्यावर त्यानें आपलें मत टाकून दिलें. १८३७ सालीं नोशातेल येथें भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेंत त्यानें असें प्रतिपादिलें कीं, एके काळीं यूरोपाचा फार मोठा भाग बर्फाखालीं गाडलेला होता. ऐकणाऱ्यांस तें वेड वाटलें. मग त्यानें आर नदीच्या हिमनदीवर एका प्रचंड शिळेच्या आडोशाला बिऱ्हाड केलें आणि कित्येक उन्हाळे तेथें राहून बर्फाची चाल मोजली. एकदां तर त्यानें बर्फांतील खोल विहिरींत दोराला बांधून घेऊन स्वतःस शंभर फुटांहून अधिक खालीं सोडवून घेतलें. पाय थंडगार पाण्याला लागले तेव्हांच तो वर ओढण्याची खूण करूं लागला. हें धाडस मुलांनीं अनुकरण करण्यासारखें नाहीं, पण मास्तरांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. दुसऱ्याचें म्हणणें चूक कीं बरोबर, हें ठरविण्यासाठीं तो त्या जागीं गेला.

१८४६ सालीं व्याख्यानें देण्याच्या निमित्तानें तो अमेरिकेंत बोस्टन येथें गेला आणि तिकडचाच झाला. लौकरच हार्वर्ड विद्यापीठांत त्याला अध्यापकाची जागा मिळाली. स्वित्झर्लंडमध्यें समुद्र नाहीं. येथें मात्र समुद्र दाराशीं होता. बोस्टनजवळील नाहांट येथें व पुढें कांहीं हिवाळे दक्षिणेंतील चार्ल्स्टनजवळच्या एका बेटावर त्यानें समुद्रकांठीं काम करण्याच्या जागा करून घेतल्या. मेलेला व स्पिरिटांत घातलेला प्राणी आणि पाण्यांत जिवंत फिरणारा प्राणी ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे, ही गोष्ट ह्या किनाऱ्यांनीं त्याच्या मनावर ठसविली.

त्याच्या शिकविण्याची तऱ्हा कशी होती, हें सॅम्युएल स्कडर नांवाच्या त्याच्या शिष्यानें पुढें लिहून ठेविलें आहे. स्कडर हा कॉलेजांतून नुकताच बाहेर पडलेला तरुण. त्याला कीटकांचा अभ्यास करावयाचा होता. आगासीनें त्याच्यापुढें बरणींतून काढलेला एक मासा ठेवला, हा पाहा म्हणून सांगितलें, आणि तो निघून गेला. दहा मिनिटांत स्कडरनें जें दिसण्यासारखें होतें तें सर्व पाहून टाकलें. गुरु कोठें आहेत म्हणून शोध करतो तों गुरु घरीं गेलेले! अर्धा तास गेला, तास गेला. सूक्ष्मदर्शक वापरण्यास मनाई. हत्यार वापरण्यास मनाई. दोन हात, दोन डोळे आणि तो घाणेरडा मासा. त्यानें माशाच्या तोंडांत बोट घालून दांतांची धार पाहिली, कंटाळून खवले मोजले, आणि शेवटीं कांहीं सुचेना तेव्हां पेन्सिल घेऊन त्याचें चित्र काढावयास बसला. चित्र काढूं लागतांच पूर्वीं न दिसलेल्या गोष्टी दिसूं लागल्या. गुरु परत आले, चित्र पाहून खूष झाले, पण सर्व ऐकून घेतल्यावर म्हणाले कीं, अगदीं ठळक अशी एक गोष्ट तुला दिसलीच नाहीं. बिचारा रात्रभर, मासा समोर नसतांना, त्याचाच विचार करीत राहिला. सकाळीं त्याच्या ध्यानांत आलें कीं माशाच्या दोन्ही बाजू सारख्या असून त्याचे अवयव जोडीजोडीनें आहेत. गुरूला फार आनंद झाला. आतां पुढें काय करूं, असें शिष्यानें विचारतांच उत्तर मिळालें कीं आपला मासा पाहा! असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशीं त्याच कुळांतला दुसरा मासा पहिल्याशेजारीं आला. ह्या एका कुळावर स्कडरनें आठ महिने घालविले, आणि पुढें तो कीटकशास्त्रांत नामांकित झाला तरी त्या आठ महिन्यांची किंमत त्यास जन्मभर वाटत राहिली.

पालकांपैकीं कोणी म्हणतील कीं अशानें अभ्यासक्रम पुरा कसा व्हावा? शंका रास्त आहे, आणि वर्षअखेरच्या परीक्षेचा तक्ता भिंतीवर टांगून शिकविणाऱ्या माझ्यासारख्यापाशीं तिला पुरतें उत्तर नाहीं. आगासी हा केवळ निवडक शिष्यांपुरतीं ही रीत राखून ठेवीत नसे, एवढें मात्र सांगतां येईल. मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनांत तो व्याख्यान द्यावयास गेला तेव्हां त्यानें प्रत्येकाच्या हातांत एक एक जिवंत नाकतोडा दिला व तो हातांत धरूनच व्याख्यान ऐकावें असा आग्रह धरला. प्रथम मोठी धांदल उडाली, नाकतोडे निसटले, हंशा पिकला. पण थोड्याच वेळांत सर्व मंडळी माना खालीं घालून नाकतोड्याचे पाय पाहूं लागली.

१८५० सालीं त्यानें एलिझाबेथ कॅरी हिच्याशीं दुसरा विवाह केला. पहिली पत्नी सेसिल, जी स्वतः कुशल चित्रकार होती, ती त्यापूर्वींच वारली होती. ह्या नव्या गृहिणीनें पहिलीच्या तीन मुलांना आपलेंसें केलें आणि पतीचें ग्रंथापायीं झालेलें कर्ज फिटावें म्हणून राहत्या घराच्या माडीवर मुलींची शाळा काढली. तींत आगासी स्वतः शिकवी. समुद्रफुलें, जेलीफिश, तारामासे ह्यांच्यावर एलिझाबेथनें मुलांसाठीं एक छोटें पुस्तक १८५९ सालीं लिहिलें, आणि सावत्र मुलगा अलेक्झांडर ह्याच्यासह समुद्रकिनाऱ्यावरील प्राण्यांवर दुसरें एक पुस्तक १८६५ सालीं. स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठीं स्थापन झालेल्या रॅडक्लिफ कॉलेजची पुढें तीच पहिली अध्यक्षा झाली.

आतां एक गोष्ट सांगावयाची, जी माझ्या अध्यापकांनीं आम्हांस सांगितली नव्हती, आणि जी लपवून ठेवून हें चरित्र लिहिणें मला प्रशस्त वाटत नाहीं. अमेरिकेंत आल्याबरोबर, १८४६ सालींच, फिलाडेल्फिया शहरीं हॉटेलांत वाढावयास आलेले निग्रो नोकर पाहून त्याच्या मनांत किळस उत्पन्न झाली आणि तें त्यानें आपल्या आईस पत्रांत कळविलें. पुढें तो असें प्रतिपादूं लागला कीं, गोरे व काळे हे एका मातापित्यांपासून झालेले नसून निरनिराळे निर्माण केलेले आहेत आणि त्यांची योग्यताही निरनिराळी आहे. १८५० सालीं दक्षिण कॅरोलायना प्रांतांत त्यानें सात गुलाम स्त्रीपुरुषांचीं छायाचित्रें आपल्या सिद्धांताच्या पुराव्यासाठीं काढविलीं. कपडे उतरवून, त्यांची इच्छा न विचारतां. त्यांतील रेंटी हा वृद्ध पुरुष व त्याची मुलगी डेलिया ह्यांचीं नांवें आज जगाला ठाऊक आहेत. बरणींतल्या माशाकडे तीन दिवस पाहावयास लावणाऱ्या ह्या माणसानें रेंटीकडे किती वेळ पाहिलें? त्याच्याशीं दोन शब्द तरी बोलला काय? मनुष्यजात एकच आहे असें चार्ल्स्टनचा पाळक व प्राणिशास्त्रज्ञ जॉन बाख्मन ह्यानें त्याच वर्षीं ग्रंथ लिहून दाखविलें. आणि नवल असें कीं बाख्मन स्वतः गुलामगिरीचा पुरस्कर्ता होता! आगासी गुलामगिरीस चांगली म्हणत नसे. पण तिच्या कैवाऱ्यांनीं त्याच्या लेखांचा आधार घेतला, व त्यानें तो घेऊं दिला. तीं छायाचित्रें १९७६ सालीं हार्वर्डच्या एका संग्रहालयाच्या माळ्यावर सांपडलीं. रेंटीच्या वंशांतील म्हणविणाऱ्या एका बाईनें त्यांच्यासाठीं कोर्टांत दाद मागितली, आणि २०२५ सालीं विद्यापीठानें तीं दक्षिण कॅरोलायनांतील संग्रहालयाच्या स्वाधीन करण्याचें कबूल केलें.

दुसरी चूक शास्त्रांतली. ज्या १८५९ सालीं हार्वर्ड येथें त्याचें मोठें प्राणिसंग्रहालय उभें राहिलें, त्याच सालीं डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्राणी कालांतरानें बदलत जातात, हें आगासीनें शेवटपर्यंत मानलें नाहीं. हा दोष केवळ धर्मश्रद्धेवर ढकलून चालणार नाहीं. त्याच विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हा भाविक ख्रिस्ती असून डार्विनचा कैवारी होता. बर्फाच्या बाबतींत आपलें मत टाकणारा तरुण आणि ह्या बाबतींत कान बंद करणारा वृद्ध, हे एकाच माणसाचे दोन चेहरे. १८७१-७२ मध्यें हॅसलर नांवाच्या जहाजानें त्यानें दक्षिण अमेरिकेस वळसा घातला, डार्विननें पाहिलेलीं गालापागोस बेटेंही पाहिलीं, आणि मत होतें तेंच घेऊन तो घरीं आला.

त्या सफरीहून परतल्यावर त्याच्या आयुष्याचें एकच वर्ष उरलें होतें. प्रकृति ढांसळली होती. शेलर नांवाच्या त्याच्या एका शिष्यानें अशी कल्पना काढली कीं, उन्हाळ्याच्या सुटींत समुद्रकांठीं एक शाळा भरवावी व शाळामास्तरांनीं आणि मास्तरणींनीं तेथें येऊन सागरी प्राण्यांचा अभ्यास करावा. आगासीनें ही कल्पना उचलून धरली. पैसा नव्हता, जागा नव्हती. १८७३ च्या मार्च महिन्यांत कायदेमंडळाचे सभासद संग्रहालय पाहावयास आले असतां त्यांच्यापुढें त्यानें आपला बेत बोलून दाखविला. तो वर्तमानपत्रांत आला. आणि न्यू यॉर्कचा तंबाखूचा व्यापारी जॉन अँडरसन ह्यानें तो वाचून बझर्ड्‌स उपसागरांतील आपलें पेनिकीझ हें बेट व वर पन्नास हजार डॉलर शाळेस देऊन टाकले.

पेनिकीझ म्हणजे शंभर एकरांहूनही लहान, वाऱ्यानें झोडपलेलें, झाडाझुडपांवांचून उघडें असें बेट. त्यावर गवत, मेंढरें, समुद्रपक्षी आणि जिकडे तिकडे पसरलेले गोल गोल धोंडे. हे धोंडे कोणीं आणून टाकले? बर्फानेंच! तें सबंध बेट प्राचीन हिमनदीनें लोटून आणलेल्या मातीदगडांचें झालेलें आहे. ज्यानें आल्प्सच्या बर्फावर तरुणपण घालविलें, त्याला म्हातारपणीं शाळेसाठीं अशी जागा मिळावी, ही गोष्ट योजून घडवावी अशी आहे.

ता. ८ जुलै हा उद्‌घाटनाचा दिवस ठरला. चार दिवस आधीं आगासी बेटावर येऊन पाहतो तों निवासाची इमारत अर्धवट, जमिनीस फळ्या नाहींत, आणि शनिवार तर आलाच. त्यानें सुतारांना एकत्र बोलावून सांगितलें कीं, ह्या कामांत कोणाचा नफा नाहीं, हें केवळ विद्येचें काम आहे. तेव्हां रविवारीं काम बंद ठेवावयाचें कीं चालू, हें तुम्हीच ठरवा. सर्वांनीं एकमुखानें चालू ठेवण्याचें ठरविलें. पाळकाच्या मुलानें प्रभुवारीं हातोडे वाजविले म्हणून त्यास दोष देणारे त्या वेळीं असतील; मी देऊं शकत नाहीं. सोमवारीं रात्रींपर्यंत एलिझाबेथनें बायकांच्या मदतीनें खाटा मांडल्या. स्त्रियांची व पुरुषांची बाजू वेगळी करण्यास भिंत नव्हती, म्हणून मध्यें जहाजाच्या शिडाचें कापड टांगलें.

मंगळवारीं न्यू बेडफर्ड बंदराहून आगबोट निघाली. तींत सुमारें पन्नास विद्यार्थी होते. बहुतेक शाळांतले व कॉलेजांतले शिक्षक, आणि त्यांत पुष्कळशा स्त्रिया. बायकांना शास्त्राच्या प्रयोगशाळेंत पाऊल टाकण्याची चोरी होती अशा काळीं ही गोष्ट साधी नव्हती. सहासष्ट वर्षांचा आगासी धक्क्यावर एकटा उभा राहून प्रत्येकाचें स्वागत करीत होता. पहिली सभा मेंढरांच्या गोठ्यांत भरली. त्याच्या जमिनीवर नव्या फळ्या घातल्या होत्या, पण आढ्यावरचीं पाकोळ्यांचीं घरटीं तशींच होतीं आणि उघड्या दारांतून त्या सारख्या आंतबाहेर करीत होत्या. बोलतां बोलतां आगासी थांबला. सर्वांच्या वतीनें प्रार्थना करावयास कोणास सांगावें, हें त्याला कळेना. म्हणून प्रत्येकानें आपल्यापुरती मूक प्रार्थना करावी असें त्यानें सुचविलें आणि स्वतः टोपी काढून, मान लववून उभा राहिला. ह्या प्रसंगावर व्हिटियर ह्या कवीनें पुढें एक कविता लिहिली.

पहिल्या दिवसांतच कांहीं तरुणांनीं शिडाच्या पडद्याशीं थट्टामस्करी केली. दुसऱ्या दिवशीं आगासीनें शांतपणें सांगितलें कीं, ह्या मंडळींनीं दुपारच्या बोटीनें परत जावें. ते गेले. त्यानंतर बेटावर शिस्तीसाठीं दुसरा शब्द बोलावा लागला नाहीं.

रोजचा क्रम असा असे. सकाळीं व्याख्यान, आगासी फळ्याजवळ उभा राही आणि बोलतां बोलतां त्याच्या खडूखालून मासा, खेंकडा, जेलीफिश असे कांहीं उमटत जाई कीं ऐकणारे वही विसरत. ओहोटी झाली कीं सर्वांनीं बादल्या घेऊन खडकांत जावें. दगड उलटवावा, खालीं काय आहे तें पाहावें, आणि दगड पुन्हा होता तसा ठेवावा, कारण त्याखालीं राहणाऱ्यांचें तें घर असतें. (हें शेवटचें मात्र मी आमच्या मुलांसाठीं घातलें आहे.) दुसऱ्या दिवशीं एका दानशूर गृहस्थानें दिलेल्या शिडाच्या नौकेंतून उपसागरांत जावें व तळ खरवडणारें जाळें सोडून चिखल, शिंपले, किडे वर काढावे. जें मिळेल तें प्रत्येकानें आपल्या टेबलावर पाण्याच्या भांड्यांत ठेवून जिवंत असतांना पाहावें, चित्र काढावें, मग चिरावें. पुस्तकाचें काम सर्वांत शेवटीं. वयानें प्रौढ, गांवांत मान असलेले हे मास्तर घोट्यापर्यंत चिखलांत उभे राहून खेंकड्याचा चावा खात होते. त्यांतील कित्येकांनीं तारामाशावर वर्षानुवर्षें धडे दिले होते, आणि तो जिवंत प्रथमच पाहिला असेल. मला त्यांच्याविषयीं फार आपुलकी वाटते.

आगासीचा हिशेब सरळ होता. एक विद्यार्थी शिकला तर एक माणूस शिकतो. एका शाळाशिक्षकाला पाहावयास शिकविलें तर त्याच्या मागून शेंकडों मुलें पाहावयास शिकतात.

ऑगस्ट संपतां संपतां शाळा उठली. थकलेला आगासी हार्वर्डला परतला आणि ता. १४ डिसेंबर १८७३ रोजीं वारला. दुसऱ्या उन्हाळ्यांत अलेक्झांडरनें शाळा भरविली, पण पैशाचें पाठबळ मिळेना, आणि दोन उन्हाळ्यांनंतर पेनिकीझची शाळा कायमची बंद पडली. १८९१ सालीं रिकाम्या इमारती जळून गेल्या.

परंतु गेलेले विद्यार्थी गप्प बसले नाहींत. ब्रुक्स ह्यानें १८७८ सालीं चेसापीक उपसागरावर अशीच प्रयोगशाळा काढली. त्याच्या हाताखालीं शिकलेल्या टॉमस हंट मॉर्गनला पुढें १९३३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. व्हिटमन हा बोस्टनच्या एका हायस्कुलांत मास्तर होता. १८८८ सालीं पेनिकीझपासून फार दूर नसलेल्या वूड्स होल येथें सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन झाली, तिचा पहिला संचालक तोच. दुसऱ्या उन्हाळ्यांत आलेली कॉर्नेलिया क्लॅप वूड्स होललाही पहिल्याच वर्षीं हजर होती आणि जन्मभर ती मुलींस ह्याच रीतीनें शिकवीत राहिली. समुद्रावरील लेखनानें पुढें जगभर गाजलेली रेचेल कार्सन १९२९ च्या उन्हाळ्यांत तेथेंच शिकावयास गेली होती. डेव्हिड स्टार जॉर्डन मत्स्यशास्त्रज्ञ झाला व पश्चिम किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला. त्यानेंही १८९२ सालीं पॅसिफिक महासागराच्या तीरीं प्रयोगशाळा उघडली. (माणसांची प्रतवारी लावण्याचा गुरूचा रोगही त्याला निराळ्या रूपानें जडला, हेंही नमूद केलें पाहिजे.) आणि मौज अशी कीं, हे बहुतेक सर्व शिष्य डार्विनचें मत मानणारे निघाले. स्वतःच्या डोळ्यांनीं पाहा, असें ज्यानें त्यांना शिकविलें होतें, त्याचें ऐकूनच त्यांनीं त्याचें ऐकलें नाहीं.

१९०६ सालीं भूकंप झाला तेव्हां स्टॅनफर्डच्या इमारतीवरील आगासीचा संगमरवरी पुतळा खालीं कोसळला आणि डोक्याकडून फरसबंदींत रुतून पाय वर करून उभा राहिला. तें छायाचित्र मीं पाहिलें आहे. पाहून हंसूं येतें, आणि मग येत नाहीं. नोशातेलमध्यें त्याच्या नांवाचा चौक होता. २०१९ सालीं तेथील नगरपालिकेनें तें नांव काढून तिलो फ्रे ह्या बाईंचें नांव दिलें. ज्यांची आई कॅमेरून देशची होती, अशा ह्या बाई १९७१ सालीं स्विस कायदेमंडळांत निवडून आलेल्या पहिल्या स्त्रियांपैकीं एक.

पेनिकीझ बेटावर १९०५ पासून १९२१ पर्यंत कुष्ठरोग्यांचें रुग्णालय होतें. मग बेट पक्ष्यांसाठीं राखून ठेवण्यांत आलें. १९७३ सालीं, आगासीच्या शाळेला बरोबर शंभर वर्षें होत असतां, वाट चुकलेल्या मुलांसाठीं तेथें पुन्हा एक शाळा निघाली. मुलांनीं आपल्या हातांनीं घर बांधावें, लांकडें फोडावीं, होड्या वल्हवाव्या आणि समुद्राच्या संगतींत माणसांत यावें, असा तिचा क्रम होता. तीही २०११ सालीं बंद झाली.

आगासीची कबर केंब्रिजजवळील माउंट ऑबर्नच्या दफनभूमींत आहे. तिच्यावर घडविलेला दगड नाहीं. आर हिमनदीवर जेथें तो शिळेच्या आडोशाला राहात असे, तेथूनच आणलेला एक ओबडधोबड धोंडा तेथें उभा केला आहे, आणि भोंवतीं स्वित्झर्लंडहून पाठविलेलीं पाइनचीं झाडें लावलीं.